डुकरांत अचानक मरतुक सुरू झाली तर: नमुना तपासणी, पंचनामा आणि भरपाई

आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगात भरपाई मिळते ती सरकारी आदेशाने नष्ट केलेल्या डुकरांची. रोगाने आधीच मेलेली डुकरं त्या हिशेबात धरत नाहीत. वराहपालकांनी हे आधी लक्षात घ्यावं, कारण दोन डुकरं मेल्यावर ‘उद्या बघू’ म्हणून थांबलात, तर पात्र जनावरं रोज कमी होत जातात. पुढची सगळी धावपळ या एका कारणासाठी आहे.

कळवायचं कोणी? ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने. दहा-वीस माद्यांचा गोठा असो की घरामागे बांधलेलं एकच डुक्कर, संख्येची अट नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत हा रोग आहे, आणि कलम ४ प्रमाणे संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे. रोगाची खात्री आपण करायची नसते. ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. फोन झाला तरी एक साधा लेखी अर्ज द्याच: नाव, गाव, एकूण डुकरं किती, आजारी किती, मेलेली किती, पहिलं कधी मेलं. पोच घेतलेली प्रत स्वतःकडे ठेवा. नंतर तारखेवरून वाद झाला तर तीच कामाला येते.

संशय कधी घ्यायचा? खूप ताप, खाणं बंद, कान आणि पोटाखालची कातडी लाल-निळी पडणं, उलटी, रक्ताची हगवण, गाभण मादीचा गर्भपात, किंवा काहीच न दिसता अचानक मृत्यू. अडचण अशी, की जुना परिचित स्वाइन फीव्हरही हुबेहूब असाच दिसतो. त्याची लस आहे. आफ्रिकन प्रकाराविरुद्ध आपल्याकडे वापरात असलेली लस नाही. नुसतं बघून दोघांतला फरक अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळा लागतेच.

डॉक्टर येईपर्यंत आजारी जनावर वेगळं बांधा. कलम ५ तेच सांगतं. विक्री, वाहतूक, कापणी बंद. मेलेलं डुक्कर ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, आणि आत काय झालंय ते पाहायला स्वतः फाडू तर मुळीच नका. हा विषाणू रक्तात भरपूर असतो आणि मांसात फार काळ टिकतो. माणसाला तो होत नाही, त्यामुळे घाबरून डुकरं घाईघाईने विकायचंही कारण नाही. त्या घाईनेच रोग शेजारच्या गावात पोचतो.

नमुना पशुपालकाने स्वतः पाठवायचा नसतो; तो पशुधन विकास अधिकारी घेतात. जिवंत जनावराचं रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत, मेलेल्याची प्लीहा, लसिका ग्रंथी, टॉन्सिल, मूत्रपिंडाचे तुकडे. हे तुकडे फॉर्मेलिनमध्ये घातले तर विषाणूच्या तपासणीसाठी निरुपयोगी ठरतात. ते बर्फावर, तिहेरी आवरणात जातात. सोबतच्या माहितीपत्रकात वय, लसीकरण, आजाराची पहिली तारीख, खाद्य आणि अलीकडची खरेदी-विक्री लिहितात. इथे काही लपवू नका. हॉटेलचं उष्टं न उकळता घालत असाल तर तेही सांगा, कारण रोग येण्याची ती एक मोठी वाट आहे.

महाराष्ट्रात पुण्याच्या औंधला प्रादेशिक रोगनिदान प्रयोगशाळा आहे. अधिकृत शिक्कामोर्तब मात्र भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं. तिथे आधी पीसीआरने विषाणूचा डीएनए आहे का ते पाहतात. तो सापडला, की पी-७२ या प्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचून विषाणू कोणत्या जनुकीय प्रकारातला ते ठरवतात. २०२०च्या सुरुवातीला आसाम आणि अरुणाचल प्रदेशात मरतुक सुरू झाली आणि मे महिन्यात रोग अधिकृतपणे जाहीर झाला. तो जनुकीय प्रकार क्रमांक दोनमधला (जीनोटाइप II) निघाला, म्हणजे २००७ मध्ये जॉर्जियात आणि २०१८ मध्ये चीनमध्ये पोचलेल्या विषाणूच्याच वंशातला.

पण या मागालाही मर्यादा आहे. हा मोठा डीएनए विषाणू हळू बदलतो. त्यामुळे वंश कळतो, पण रोग कोणत्या गोठ्यातून, कोणत्या टेम्पोतून आला ते एका जनुकावरून सहसा कळत नाही. तो दुवा तुमच्या वहीतच सापडतो. पिल्लं कुणाकडून घेतली, कधी, कोणती गाडी आली, नर कुठून आणला, हे चार ओळींत लिहून ठेवणारा पशुपालक प्रयोगशाळेइतकंच काम करतो, असं मी मनापासून मानतो.

अहवाल होकारार्थी आला की त्या जागेभोवतीचा १ किलोमीटर बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटर निगराणी क्षेत्र ठरतं. बाधित क्षेत्रातली डुकरं, निरोगी दिसणारीसुद्धा, नष्ट करून चुन्यासह खोल पुरतात. त्याआधी मोजणी आणि पंचनामा होतो. वजनाचा गट बरोबर लिहिलाय का ते सही करण्यापूर्वी वाचा, कारण रक्कम त्यावरच ठरते. २०२२ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये रोग आला तेव्हा दर असे होते: १५ किलोपर्यंत २,२०० रुपये, १५ ते ४० किलो ५,८००, ४० ते ७० किलो ८,४००, ७० ते १०० किलो १२,००० आणि त्यावर १५,०००. आपल्या वेळचा लागू दर जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त कार्यालयात विचारून घ्या. आधार कार्ड, बँक पासबुक, पंचनाम्याची प्रत, जनावरं आपली असल्याचा पुरावा (खरेदीची पावती, कर्जाची कागदपत्रं, ग्रामपंचायतीचा दाखला, जे असेल ते) आणि ती पोच घेतलेली अर्जाची प्रत एका पिशवीत तयार ठेवा.

अहवाल नकारार्थी आला, तरी दुसरा रोग कोणता ते विचारा. जुना स्वाइन फीव्हर निघाला, तर उरलेल्या निरोगी डुकरांच्या लसीकरणाबद्दल त्याच दिवशी दवाखान्यात बोला.