लिलावातली 'बिड' आणि बुद्ध

आयपीएलच्या लिलावात संघमालक पॅडल उचलतात ती 'बिड'. सरकारी निविदेतही बिडच भरतात. पण जुन्या इंग्रजी गोष्टींत राजा सेवकाला 'बिड' करतो, तेव्हा तो हुकूम असतो. किंमत पुकारणं आणि फर्मान सोडणं एकाच शब्दात कसं काय आलं?

कारण मुळात ही दोन क्रियापदं आहेत. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'बिद्दन' म्हणजे विनवणं, प्रार्थना करणं. आणि 'बेओदन' म्हणजे जाहीर करणं, देऊ करणं, आज्ञा देणं. उच्चार जवळचे, अर्थही एकमेकांच्या हद्दीत शिरलेले, त्यामुळे मध्ययुगात दोन्हींची सरमिसळ झाली. जर्मनने ती होऊ दिली नाही: तिथे 'बिटन' विनंतीसाठी, 'बीटन' देऊ करण्यासाठी. इंग्रजीत आज फरक उरलाय तो भूतकाळात. हुकमाचं रूप बदलून 'बेड' होतं, लिलावातलं 'बिड' मात्र तसंच राहतं.

बिद्दनच्या गोतावळ्यात एक गंमत आहे. मण्याला इंग्रजीत 'बीड' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ प्रार्थना! जपमाळेवर प्रार्थना मोजता मोजता ते नाव मण्यालाच चिकटलं.

बेओदनची सोयरीक थेट आपल्याकडे आहे. संस्कृत 'बुध्', म्हणजे जागं होणं, जाणणं, त्याच मुळाचा. बोध, बुद्धी, बुद्ध ही त्याचीच लेकरं. जाणणं, मग दुसऱ्याला जाणवून देणं, मग जाहीर करणं, असा अर्थ इंग्रजीकडे सरकत गेला.

इथे चाणाक्ष वाचक अडेल. इंग्रजी 'ब'समोर संस्कृतात सहसा 'भ' येतो: ब्रदर–भ्रातृ, बेअर (वाहणं)–भर्. मग 'भुध्' का नाही? याचं उत्तर १८६३ साली हेरमान ग्रासमान या जर्मन गणितज्ञाने दिलं (ऋग्वेदाचा कोशही त्याचाच). मूळ धातूत भ आणि ध असे दोन महाप्राण, म्हणजे 'ह' मिसळलेली व्यंजनं, होते. असे दोन पाठोपाठ आले की संस्कृतात पहिल्याचा 'ह'कार गळतो, म्हणून बुध्. पुरावा व्याकरणातच आहे. भविष्यकाळात 'भोत्स्यते' होतं: शेवटच्या ध चा त झाला की सुरुवातीचा भ परत हजर! पाणिनीने हा बदल नेमका टिपला होता, फक्त उलट बाजूने. त्याच्या सूत्रात ब चा भ 'होतो'. ग्रासमानच्या मते भ मुळातलाच.