फळझाडांखालील गवत व तण

फळबागेत झाडांच्या घेराखाली आणि दोन ओळींमधील मोकळ्या पट्ट्यात आपोआप उगवणारे किंवा मुद्दाम पेरलेले गवत, तण व इतर लहान वनस्पती कोठे, किती आणि वर्षाच्या कोणत्या काळात राहू द्यावयाच्या हे ठरवून केलेली सर्व कामे या विषयात मोडतात. मशागत, कापणी, आच्छादन, चराई व तणनाशकांची फवारणी ही त्यांची नेहमीची साधने. हंगामी पिकातील निंदणीहून हा प्रश्न वेगळा आहे. फळझाड एकाच जागी वीस-तीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ उभे असते. इतकी वर्षे जमीन सतत उघडी ठेवली तर ती धुपते, तिच्यातील सेंद्रिय अंश घटतो आणि पृष्ठभाग बसून पाणी मुरेनासे होते. उलट ती पूर्ण गवताखाली ठेवली तर झाडाच्या मुळांना पाणी व अन्न यांत वाटेकरी मिळतो.

इतिहास : झाडाच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी करण्याची शिफारस जुन्या कृषिग्रंथांत आढळते. रोमन लेखक कोलुमेल्ला (इ. स. पहिले शतक) याने शरद ऋतूत द्राक्षवेलीच्या बुडाशी माती उकरून वरवरची मुळे छाटण्याची रीत वर्णिली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (साधारणतः सहावे शतक) वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात मृदू जमीन सर्व वृक्षांना हितकर असल्याचे सांगून तीत तीळ पेरावेत व ते फुलावर आले की तुडवून टाकावेत, असा निर्देश आहे. यात बागेतील आच्छादन पिकाचा सर्वांत जुना उल्लेख पाहण्याचा मोह होतो. पण याच श्लोकात या कृतीला ‘भूमीवरील पहिले कर्म’ म्हटले असून लावणीचे विवेचन पुढे येते. त्यामुळे तो लागवडीपूर्वीच्या हिरवळीच्या खताचा उल्लेख मानणे अधिक सयुक्तिक ठरते. यूरोपात उंच खोडाच्या झाडांखाली गवत राखून त्यावर जनावरे चारण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी बागा वाढल्या, तेव्हा ती पद्धत झाडांना मानवते की नाही, हा वाद उभा राहिला.

गवताच्या परिणामाविषयीचा वाद : ड्यूक ऑफ बेडफर्ड व रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर पिकरिंग यांनी १८९४ मध्ये इंग्लंडमधील वोबर्न येथे प्रायोगिक फळबाग सुरू केली. तेथील चिकण जमिनीत लहान सफरचंदाच्या झाडांभोवती गवत लावल्यावर त्यांची वाढ जवळजवळ खुंटली. पाने फिकट पडली, फळे लहान राहिली, रंग मात्र त्यांना भडक आला. खत-पाणी वाढवूनही झाडे पुरती सावरली नाहीत, म्हणून पिकरिंगने पुढचा प्रयोग योजला. कुंडीतील झाडाच्या मातीवर त्याने तळाला छिद्रे असलेला उथळ ट्रे ठेवला आणि त्या ट्रेमध्ये गवत वाढविले. गवताची मुळे झाडाच्या मातीत उतरू शकत नव्हती. त्यांच्यातून निथळलेले पाणी तेवढे खाली जात होते. तरीही झाडाची वाढ मंदावली. निथळलेले पाणी काही काळ हवेत उघडे ठेवून मग दिले, तर त्याचा अपाय उरत नसे. यावरून गवताच्या मुळांपासून एखादे विषारी, पण हवेतील ऑक्सिजनने नाश पावणारे द्रव्य सुटत असावे, असे अनुमान त्याने काढले.

पुसा (बिहार) येथे कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांना निराळा खुलासा पटला. त्यांनी पानझडी व सदाहरित अशा दोन्ही प्रकारच्या फळझाडांवर प्रयोग केले आणि निष्कर्ष १९२५ मध्ये रॉयल सोसायटीच्या इतिवृत्तात प्रसिद्ध केले. गवताखालील मातीच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो, मुळांना पुरेशी हवा मिळत नाही आणि विशेषतः पावसाळ्यात झाड गुदमरते, असे त्यांचे मत होते. सर्व झाडे सारखी बळी पडली नाहीत. पेरूने गवताचा उपद्रव बराच सोसला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लायन, हाइनिके व विल्सन यांनी १९२३ मध्ये ओलावा व नायट्रेट (मुळांना घेता येणारे नायट्रोजनचे रूप) यांच्या टंचाईवर भर दिला. त्यांच्या मोजणीत गवताखालील जमिनीत नायट्रेट फारच कमी आढळले.

आज बहुतेक अभ्यासकांचा कल या तिसऱ्या, म्हणजे ओलावा व नायट्रेटच्या स्पर्धेच्या मताकडे आहे आणि पुरावाही त्याच बाजूला अधिक आहे. पिकरिंगच्या ट्रेमधून निथळणाऱ्या पाण्यातील नायट्रेट गवताने आधीच शोषले असणार, हा आक्षेप वजनदार ठरतो. हॉवर्ड यांचा मुद्दा भारी व पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीपुरता जमेस धरावा लागतो. विषारी स्रावाची कल्पना मात्र मोडीत निघालेली नाही. १९३७ मध्ये हान्स मोलिश याने वनस्पतींच्या अशा परस्पर रासायनिक प्रभावाला ‘अ‍ॅलिलोपथी’ हे नाव दिले. अक्रोडातील जुग्लोन हे शेजारच्या वनस्पतींची वाढ रोखणारे द्रव्य त्याचे ठळक उदाहरण. बागेतील गवताच्या बाबतीत स्पर्धेचा परिणाम वगळून स्रावाचा परिणाम वेगळा मोजणे अवघड असते आणि वाद रेंगाळला तो याच कारणाने.

जमिनीचा प्रकार बदलला की निष्कर्षही बदलतो, हे न्यूयॉर्क राज्यातील फलोद्यानतज्ज्ञ यू. पी. हेड्रिक यांच्या मशागत व गवत यांची तुलना करणाऱ्या प्रयोगांत दिसले. १९०३ पासून सुमारे दहा वर्षे चाललेल्या या तुलनेत रॉचेस्टरजवळच्या बागेत मशागत स्पष्टपणे सरस ठरली. सिरॅक्यूज भागातील बागायतदार हिचिंग्ज यांच्या उताराच्या, खोल व ओल टिकवणाऱ्या जमिनीत मात्र गवत कापून तेथेच पसरण्याची पद्धत यशस्वी झाली. दोन्ही पक्षांचे पुरस्कर्ते आपापल्या जमिनीपुरते खरे बोलत होते.

मुळांची रचना : फळझाडाची अन्न घेणारी बहुतेक तंतुमुळे मातीच्या वरच्या थरात असतात आणि गवताची मुळेही तेथेच दाटतात. सारख्या आकारमानाच्या मातीत गवताच्या मुळांची एकूण लांबी सफरचंदाच्या मुळांच्या कितीतरी पट भरते. तणमुक्त पट्टा व गवत यांच्या सीमेवर आडवा चर खणल्यास हे डोळ्यांनी दिसते. पट्ट्याच्या बाजूला पृष्ठभागालगतच झाडाची बारीक तपकिरी मुळे सापडतात. गवताच्या बाजूला वरचा थर पांढुरक्या मुळांच्या जाळ्याने भरलेला असतो आणि झाडाची मुळे विरळ होऊन खाली गेलेली असतात. पट्ट्यात खोल कुळवणी का करू नये, याचे कारण यातच आहे. तणाबरोबर झाडाची सर्वांत कामाची मुळे तुटतात.

काळ व अंतर : तणाचा उपद्रव वर्षभर सारखा नसतो. लागवडीनंतरची पहिली काही वर्षे आणि प्रत्येक वर्षी नवी पालवी, फुलोरा व फळधारणेनंतरचे काही आठवडे हा काळ नाजूक. या काळात लहान झाडाभोवती निदान एक-दीड मीटर व्यासाचे आळे स्वच्छ असावे. फळे पक्व होऊ लागल्यावर गवत वाढले तरी फारसे बिघडत नाही. ते उरलेला नायट्रोजन शोषून घेते, पालेदार वाढ आवरते आणि सफरचंदासारख्या फळांना रंग चांगला येतो. वोबर्नची भडक रंगाची फळे याच क्रियेचे टोक होते, असे म्हणता येईल.

पद्धती : १९५० नंतर सिमाझिन, पॅराक्वाट आणि पुढे ग्लायफोसेट ही तणनाशके आल्यावर ओळीत तणमुक्त पट्टा व मध्ये कापलेले गवत ही मांडणी अनेक देशांत प्रमाण बनली. एकाच औषधावर विसंबण्याचे दुष्परिणामही बागेतच दिसले. ग्लायफोसेटला न जुमानणारे पहिले तण, राय गवताची एक जात, १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सफरचंदाच्या बागेत नोंदले गेले. स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या ‘सँडविच’ पद्धतीत खोडाच्या ओळीत अरुंद हिरवा पट्टा राखून त्याच्या दोन्ही अंगांना उथळ मशागत करतात, त्यामुळे अवजार खोडाला लागत नाही. हरळी व लव्हाळा या बहुवर्षायू तणांना मशागत उलट पोषक ठरते. हरळीच्या खोडांचे तुकडे आणि लव्हाळ्याच्या गाठी अवजाराबरोबर पसरून नव्याने फुटतात, म्हणून त्यांचा बंदोबस्त लागवडीपूर्वीच करणे इष्ट.

पेंढा, पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा यांचे आच्छादन ओल राखते व बीजापासून उगवणारे तण दाबते. कोरडा पेंढा व भुसा मातीत मिसळल्यास कुजताना नायट्रोजन तात्पुरता अडकवतात. आच्छादन खोडाला टेकले तर बुंधा कुजण्याचा धोका असतो आणि थंड प्रदेशात त्याखाली उंदीरवर्गीय प्राणी आसरा घेऊन साल कुरतडतात. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

इतर परिणाम : ओलसर, घट्ट व उघडी जमीन दिवसा उष्णता साठवून रात्री सोडते. त्यामुळे हिमतुषाराच्या रात्री उंच गवताच्या बागेपेक्षा तेथे एक-दोन अंश से. अधिक तापमान राहू शकते. डँडेलियनसारखी काही रुंदपानी तणे टोमॅटो रिंगस्पॉट विषाणूची आश्रयस्थाने असून सूत्रकृमींमार्फत हा विषाणू पीच व सफरचंदाच्या मुळांत पोहोचतो. फुललेल्या तणांवर मधमाश्या येत असतात, म्हणून कीटकनाशक फवारण्यापूर्वी गवत कापणे आवश्यक असते.

चराईने गवत आटोक्यात राहते व खतही मिळते. कोवळी साल मेंढ्यांच्या तोंडाला लागू नये म्हणून खोडांना संरक्षण द्यावे लागते. मेंढ्यांना तांब्याची विषबाधा सहज होते, त्यामुळे ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारलेल्या बागेत त्यांना सोडत नाहीत.