कलम 5 म्हणजे आपोआप युद्ध नव्हे

वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज असा: ‘नाटो करारातल्या एका देशावर हल्ला झाला की कलम 5 नुसार अमेरिकेसह सगळे आपोआप युद्धात उतरतात.’

समज स्वाभाविक आहे, कारण कलमाची सुरुवात तशीच आहे: एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. मेसेज तिथेच थांबतो, कलम मात्र पुढे जातं. प्रत्येक देशानं हल्ला झालेल्याला मदत करायची, पण ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करून. सशस्त्र बळ हा त्यातला एक पर्याय. म्हणजे मदत बंधनकारक, तिचं स्वरूप ज्याचं त्यानं ठरवायचं. सैन्य, दारूगोळा, इंधन, काहीही. कलम 11 तर सांगतं की अंमलबजावणी प्रत्येकाच्या घटनात्मक प्रक्रियेनुसारच होईल. 1949 साली करार होताना अमेरिकी सिनेटला युद्धाचा निर्णय आपल्या संसदेकडेच हवा होता, म्हणून ही सैल शब्दरचना.

हल्ला कुठे झाला, हेही महत्त्वाचं. कलम 6 मध्ये युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटं येतात. पोर्तुगाल संस्थापक सदस्य, तरी 1961 साली गोव्यासाठी कलम 5 लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे पॅसिफिकमधलं अमेरिकेचं हवाई राज्यही या व्याख्येत बसत नाही!

पडताळायचं असेल तर मूळ करार वाचा. जेमतेम 14 कलमं आहेत. 5, 6 आणि 11 एकापाठोपाठ वाचायला पाच मिनिटं पुरतात.