शालोत्तर पूरक उपक्रम (अमेरिका)

शाळा सुटल्यापासून पालक कामावरून परतेपर्यंत, साधारणतः दुपारी ३ ते सायंकाळी ६ या वेळात, अल्प उत्पन्न वस्त्यांतील सहावी ते आठवीच्या (वय ११ ते १४) विद्यार्थ्यांसाठी चालणारे संघटित उपक्रम. गृहपाठाला मदत हा त्यांचा एक भाग; कला, विज्ञान, खेळ व हस्तकौशल्ये हा गाभा.

उगमाविषयी मतभेद आहेत. हार्टफर्ड (कनेटिकट) येथे १८६० मध्ये तीन स्त्रियांनी रस्त्यावरच्या मुलग्यांसाठी क्लब काढला. असे ५३ क्लब १९०६ मध्ये बॉस्टन येथे एका महासंघात आले. म्हणून क्लब-परंपरेतील लेखक १८६० हेच आरंभवर्ष धरतात. या उपक्रमांच्या इतिहासाचे अभ्यासक रॉबर्ट हाल्पर्न यांच्या मांडणीत मात्र एकोणिसाव्या शतकाची अखेर महत्त्वाची ठरते : बालमजुरी घटली, शिक्षण सक्तीचे झाले आणि कामकरी वस्तीतल्या मुलांच्या हाती प्रथमच मोकळा वेळ आला. शिकागोतील हल हाउससारखी (१८८९) सेवाकेंद्रे याच काळातली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. बहुसंख्य मुले शाळेत जाऊ लागल्याखेरीज ‘शाळेनंतरचा वेळ’ ही कल्पनाच संभवत नाही. मुलींचा समावेश क्लब-महासंघाच्या नावात १९९० मध्ये झाला.

संघराज्याचा मुख्य निधी ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंचुरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’ (कायदा १९९४) या योजनेतून येतो. २००२ पर्यंत तो सुमारे १०० कोटी डॉलरवर गेला. २००३ पासून प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात अभ्यासावर फारसा परिणाम आढळला नाही, तेव्हा तो ६० कोटींवर आणण्याचा प्रस्ताव आला. काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) मोठी कपात टाळली. या मूल्यमापनावरचा आक्षेप असा, की प्राथमिक गटात मुलांची निवड सोडतीने झाली होती, माध्यमिक (सहावी ते आठवी) गटात मात्र जुळणाऱ्या मुलांशी केवळ तुलना होती. शिवाय माध्यमिक मुले वर्षात सरासरी सुमारे ३२ दिवसच आली होती. ड्युरलॅक, वाइसबर्ग व पाचान यांच्या २०१० च्या संकलित अभ्यासात (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) क्रमबद्ध, कृतिप्रधान व ठरावीक कौशल्यावर केंद्रित उपक्रमांतच लाभ दिसला. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही : पहिला सरसकट सर्व केंद्रांविषयी आहे, दुसरा नीट आखलेल्या उपक्रमांविषयी.

कॅलिफोर्नियात २००२ मध्ये मतदारांच्या कौलाने झालेल्या कायद्यानुसार अनुदानित केंद्र आठवड्याला किमान १५ तास व सायंकाळी ६ पर्यंत उघडे लागते; दर २० मुलांमागे एक प्रौढ. माध्यमिक मुलांकडून आठवड्याला ३ दिवस व ९ तासांचीच अपेक्षा असते. या वयात सक्ती चालत नाही, याची ही कबुलीच.

दिवसाची नेहमीची आखणी : खाऊ १५ ते २० मिनिटे, गृहपाठ ४५ मिनिटे, मग तासाभराचे सत्र. हजेरी सुरुवातीला एकदाच घेतली तर खाऊ खाऊन निसटलेली मुलेही पटावर हजर दिसतात. म्हणून ती सत्र संपतानाही घ्यावी लागते. गृहपाठ लांबला की गळती वाढते, कारण मुलांना ती शाळेचीच पुरवणी वाटते. यंत्रमानव बनवण्याच्या सत्रात एका संचामागे दोन-तीनच मुले असावी लागतात. सहा बसवली तर दोघे हात चालवतात, बाकीचे मोबाइल काढतात. सत्र ८ ते १० आठवड्यांचे ठेवून शेवटी पालकांसमोर सादरीकरण ठेवले, तर मुले टिकतात. शिक्षक अर्धवेळ असल्याने मधूनच सोडून जातात. तेव्हा हातात लेखी पाठ-आराखडा नसेल, तर उरलेले सत्र नुसत्या खेळावर भागवले जाते.

अनुपस्थितीमागे कंटाळ्याइतकेच धाकट्या भावंडाला शाळेतून आणण्याचे काम असते. काही केंद्रे त्यामुळे भावंडांनाही घेतात. सहानंतरची बस नसेल, तर हिवाळ्यात अंधार लवकर पडू लागताच लांबच्या मुलांची नावे पटावरून जातात.