गाडीवरच्यासारखे चिकन नूडल्स, घरच्या शेगडीवर

(आमच्या नूडल्सच्या पाकिटासोबत मोफत. वाचून डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा.)

आमच्या बेळगावच्या गिरणीत उन्हाळा म्हणजे शेवयांचा हंगाम. होळी झाली की शहापूर, वडगाव, अनगोळकडच्या बायका रव्याचे डबे घेऊन नंबर लावतात. कुणी शेवया म्हणतं, कुणी शाविगे, मशीन दोघींचं एकच. त्याच मशीनच्या शेजारी आम्ही पुढं नूडल्सचं मशीन बसवलं. शेवयांबद्दल आम्हाला कुणी काही विचारत नाही, उलट चार गोष्टी आम्हालाच शिकवून जातात. नूडल्स नेलेलं गिऱ्हाईक मात्र आठ दिवसांत परत येतं आणि ठरलेला प्रश्न टाकतं: "काका, गाडीवर कसे सुटे सुटे असतात, आमच्यात नुसता गोळा हुतोय की ओ!"

काउंटरवर गर्दीत धड सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

आधी आचेचं बोलू

दोष बहुतेक वेळा तुमच्या हाताचा नसतो, आच कमी पडलेली असते. गाडीवाल्याच्या भट्टीचा जाळ कढईच्या बाहेर येतो, घरच्या शेगडीचा तळाशीच संपतो. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जाणारं कुणी घरात असेल तर त्यांना विचारा, ताव कमी असताना माल ओतला की काय होतं! इथंही तेच. तापलेल्या कढईत सहा जणांचा ढीग एकदम पडला की कढई थंड होते, कोबी आणि चिकन पाणी सोडतात, आणि परतायचं राहून सगळं उकडायला लागतं. चिनी स्वयंपाकात या परतण्याला जो धुरकट, खरपूस वास येतो त्याला कॅन्टनीज भाषेत 'वॉक हेई' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. पाण्यात बुडालेल्या कढईला कुठला श्वास.

म्हणून एका वेळी दोन प्लेटी, जास्त नाही. आठ माणसं असतील तर चार घाणे काढा. भाच्याच्या वाढदिवसाला मी स्वतः शहाणपणा करून बारा जणांचं एकाच पातेल्यात केलं होतं. ते पळीनं वाढावं लागलं. बहिणीनं एवढंच विचारलं, "दादा, यात गूळ घालायचा राहिला काय?" नूडल्सच्या गिरणीच्या मालकाला हे ऐकून घ्यावं लागलं.

दोन प्लेटींसाठी: कोरडे नूडल्स 150 ग्रॅम, बोनलेस चिकन 200 ग्रॅम, उभा चिरलेला कोबी, गाजर आणि ढबू मिरची मिळून दोन वाट्या, एक कांदा, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, बोटभर आलं, मूठभर कांद्याची पात. चिकन नसलेल्या वारी तेवढ्याच वजनाचं पनीर किंवा दोन अंडी चालतात, पण कोबी दुप्पट करू नका. पाणी त्याच्यातच असतं.

नूडल्स उकडणं

दोन लिटर पाणी, एक चमचा मीठ. पाणी खळखळून उकळल्याशिवाय नूडल्स सोडायचे नाहीत. आमच्या नूडल्सला चार ते साडेचार मिनिटं पुरतात. दुसऱ्या कुठल्या पाकिटावरची वेळ पाळत असाल तर अर्धा मिनिट जास्त धरा. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथं पाणी शंभरला नाही, साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. गोव्याहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना पटणार नाही, पण फरक पडतो.

घड्याळापेक्षा दात बरा. एक नूडल काढून तोडून बघा. मधोमध पांढरा बारीक ठिपका दिसला की लगेच चाळणीत ओता. उरलेलं शिजणं कढईत होतं. वरून गार पाणी सोडून हातानं हलवा. ते गढूळ पाणी म्हणजे सुटलेला स्टार्च, गोळा तोच करतो. मग पाणी निथळू द्या, एक चमचा तेल चोळा आणि परातीत पसरून पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा.

ही वीस मिनिटं कुणी देत नाही. गरम, ओले नूडल्स तसेच कढईत घालतात आणि मग पाकिटाला नावं ठेवतात. फोडणीच्या भाताला आपण कालचा भात का घेतो? ताज्या भाताचा लगदा होतो म्हणून. नूडल्सचंही तसंच. सकाळी उकडून, झाकून फ्रिजमध्ये ठेवलेत आणि संध्याकाळी परतलेत तर उत्तमच.

चिकन

दुकानदाराकडून लेगचं बोनलेस मागून घ्या. ब्रेस्टपेक्षा ते रसदार राहतं आणि अर्धा मिनिट इकडं तिकडं झालं तरी माफ करतं. फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवून थोडं कडक झालं की सुरी सरळ चालते. मांसाचे धागे ज्या दिशेला जातात त्याला आडवं, बोटभर लांब आणि पातळ कापा. धाग्याच्या दिशेनं कापलेलं चिकन कितीही शिजवा, चिवट लागतं.

आता चिनी स्वयंपाक्यांची युक्ती. कापलेल्या चिकनला एक चमचा सोया सॉस, चिमूटभर मिरपूड, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा पाणी आणि शेवटी एक चमचा तेल चोळून वीस मिनिटं ठेवा. अर्ध्या अंड्याचा पांढरा बलक घातलात तर आणखी मऊ होतं. कॉर्नफ्लोअरचा हा पातळ थर आचेत आधी घट्ट होतो आणि आतला रस आतच राहतो. खाण्याचा सोडा घालायचाच असेल तर अगदी चिमूटभर, नाहीतर साबणासारखी चव येते.

कढईवर

लोखंडी कढई असेल तर तीच काढा. नॉनस्टिक इतक्या तापात ठेवू नये. कोरडी कढई मोठ्या आचेवर तापवा, पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे. तेल रिफाइन्ड शेंगतेल घ्या. घाण्याचं तेल आपल्या भाकरी-चटणीला लाख मोलाचं, पण एवढ्या तापात ते लवकर धुरावतं आणि त्याचाच वास पुढं येतो.

दोन चमचे तेल, त्यात चिकन एका थरात पसरा आणि हात बांधून उभं राहा. चाळीस सेकंद हलवायचं नाही. खालून तांबूस झालं की उलटा, आणखी दीड-दोन मिनिटं परता, एक तुकडा मोडून आत गुलाबी नाही ना हे बघा आणि ताटलीत काढा. हे ताट कच्च्या चिकनचं नको, धुतलेलं घ्या.

कढई पुन्हा तापू द्या. चमचाभर तेल, लसूण-आलं दहा सेकंद, मग कांदा आणि गाजर, मग ढबू आणि कोबी. भाजी मिनिट-दीड मिनिटच, दाताखाली कुरकुरली पाहिजे. आता नूडल्स. दोन उलथनी घेऊन, कोशिंबीर वर-खाली करतो तसं खालून वर उचला. ढवळू नका, ढवळलं की तुटतात. सॉस मधोमध ओतायचा नाही, कढईच्या कडेनं सोडायचा: दीड चमचा साधा सोया सॉस, अर्धा चमचा डार्क सोया. तापल्या लोखंडाला लागून तो चर्रर् करतो आणि गाडीसमोरून जाताना जो वास आपल्याला थांबवतो तो तिथूनच येतो. चिकन परत घाला, मिनिटभर उलटापालट करा, गॅस बंद करून एक चमचा व्हिनेगर आणि पात. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघूनच. सोया सॉसमध्ये ते भरपूर असतं.

रंगाबद्दल, कारण विचारणा फार होते

मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरी आणि बुड्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, जूनमध्ये कबाबांतही. तेव्हापासून गिऱ्हाइकं आमचं पाकीट उजेडात धरून बघतात: एवढे पिवळे कसे? यात रंग नाही. मैदा, मीठ, पाणी आणि थोडासा क्षार, आपल्या पापडखाराच्या जातीचा. चीनमध्येही पिवळ्या नूडल्सच्या पिठात असाच क्षार घालतात. मैद्यात मुळात असलेले काही घटक क्षारानं पिवळे पडतात आणि पीठ चिवट होऊन नूडल्सला ताण येतो. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र हे खाऊ नये.

लाल रंग हवाच असेल तर ब्याडगी मिरची गरम पाण्यात भिजवून वाटा. रंग भडक, तिखट बेताचं, आणि माल आपल्याच राज्यातला. अजिनोमोटो आम्ही नूडल्समध्ये घालत नाही. तुम्ही कढईत घालायचं की नाही हा तुमचा प्रश्न, आमच्या घरी घालत नाहीत.

आणि 'हक्का' हा काही मसाला नव्हे, एवढं सांगून ठेवतो. हक्का हा चिनी लोकांतला एक समाज. त्यातली बरीच कुटुंबं कोलकात्यात स्थायिक झाली, तिथल्या टांगरा भागात चामड्याचे कारखाने चालवले, आणि आज आपण ज्याला चायनीज म्हणतो त्यातलं बरंचसं तिथं घडलं. 'चाऊमीन'चा अर्थ परतलेले नूडल्स, बस्स. त्यामुळे हक्का मसाल्याची पुडी आमच्याकडं मागू नका.

ठेवणं, टिकवणं

आपल्याकडचा पावसाळा माहीत आहेच, जून ते सप्टेंबर उघडं पाकीट म्हणजे बुरशीला आमंत्रण. फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. केलेले नूडल्स उरले तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवा.

पाकिटात तुकडे जास्त निघाले तर पाकीट घेऊन या, बदलून देऊ. बिल नसलं तरी चालेल. तळाशी राहिलेला भुगा टाकू नका, चिकनच्या हाडांचं सूप कराल तेव्हा शेवटच्या तीन मिनिटांत त्यात सोडा. एप्रिल-मेमध्ये मात्र नूडल्ससाठी सकाळी दहाच्या आत या, नंतर शेवयांची रांग दारापर्यंत असते.