आजोबांच्या घड्याळाला चावी देण्याआधी

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत, दांडिया बाजार असो की रावपुरा, कपाटाच्या खणात एखादं बंद घड्याळ निघतंच. बहुधा एचएमटी जनता, क्वचित एखादं स्विस फेवर ल्यूबा. सापडलं की हात आधी चावीकडे जातो. चार वेळा फिरवली, टिकटिक सुरू झाली, की "बघा, त्या काळची वस्तू!" म्हणत ते मनगटावर चढतं. घड्याळाची खरी झीज सुरू होते ती इथून पुढे.

एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली. जनतासारख्या चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं छोटं चाक, ताशी 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला 5. दिवसाचे झाले 4,32,000 आणि वर्षाचे 15 कोटींच्या वर. हे चाक आसाच्या ज्या पोलादी टोकांवर तोललेलं असतं, त्यांची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. ही टोकं माणकाच्या भोकात फिरतात. तबकडीवर '17 ज्वेल्स' लिहिलेलं असतं ते हेच. माणकं कारखान्यात बनवलेली, त्यामुळे सतराच्या सतरा मोडायला काढली तरी चहाचे पैसे सुटायचे नाहीत. त्यांचं मोल कठीणपणात आणि गुळगुळीतपणात आहे.

टोक आणि माणिक यांच्यामध्ये तेलाचा एक अतिसूक्ष्म थेंब असतो. केशाकर्षणामुळे तो जागच्या जागी धरून राहतो. मात्र तेल काही कायम टिकत नाही. काही उडून जातं, काही पसरतं, उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट होतं. आत फक्त माणकंच असतात असंही नाही. चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगच्या (मेनस्प्रिंगच्या) डबीचा आस सहसा थेट पितळेत फिरतो. पितळेचा कीस आणि धूळ त्या चिकट तेलात मिसळली की भांडी घासायच्या राखेसारखा लगदा तयार होतो. गंमत अशी की मऊ पितळेत कण रुतून बसतात आणि झिजतं ते कठीण पोलाद. खणात बंद पडून असलेल्या घड्याळात हे घासणं थांबलेलं असतं. चावी दिली की ते पुन्हा सुरू होतं.

"चावी जास्त दिली म्हणून अडकलं" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्प्रिंग पूर्ण भरली म्हणून घड्याळ बंद पडत नाही. अडवतं ते घट्ट झालेलं तेल.

बडोद्यात तेलाच्या जोडीला पाणीही आहे. 2019 आणि 2024 च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी कितीतरी घरांत शिरलं, आणि खालच्या खणातल्या वस्तूही भिजल्या. पाणी बहुतेक वेळा चावीच्या दातेरी गुंडीपाशी आत जातं. म्हणून घड्याळजीने ती गुंडी दांड्यासकट बाहेर काढली की दांडा भिंगाखाली जरूर पाहा. त्यावर तपकिरी भुकटी दिसली तर आतल्या पोलादी भागांवरही गंज चढला असण्याची शक्यता मोठी. भिजलेलं घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरून काही साधत नाही. त्याच दिवशी उघडून सुकवलं तर वाचतं.

घड्याळ अचानक काही मिनिटं पुढे पळू लागलं, तर आधी चुंबकाचा संशय घ्यावा. मोबाइलच्या कव्हरमधलं किंवा स्पीकरमधलं चुंबक त्याला पुरतं. बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, म्हणजे हेअरस्प्रिंगचे, वेटोळे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि ठोके भराभर पडतात. घड्याळाजवळ होकायंत्र धरा, सुई हलली तर बहुधा तेच कारण. चुंबकत्व काढायला यंत्रावर काही सेकंद लागतात.

नीट तपासणी होते ती टाइमग्राफरवर. हे यंत्र मायक्रोफोनने ठोके ऐकतं आणि बॅलन्स व्हील किती अंशांतून झोके घेतंय ते सांगतं. पूर्ण चावी देऊन आडवं ठेवलेलं निरोगी घड्याळ 270 अंशांच्या आसपास दाखवतं. आकडा 200 च्या खाली गेला तर सर्व्हिसिंगला उशीर झाला म्हणायचं. अशक्त घड्याळसुद्धा कधी कधी वेळ मात्र बरोबर दाखवतं, त्यामुळे नुसत्या काट्यांवर विसंबू नये.

घड्याळजीला एक प्रश्न अवश्य विचारावा: "सगळे भाग सुटे करणार ना?" मशीन न खोलताच पेट्रोलमध्ये बुचकळून काढण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्याने घाण फक्त इकडची तिकडे होते. खरं काम म्हणजे प्रत्येक चाक वेगळं करून धुणं, मग संथ आणि भार पेलणाऱ्या भागांना दाट ग्रीस आणि वेगाने फिरणाऱ्यांना पातळ तेल देणं. पॅलेट फोर्कच्या, म्हणजे ठोक्यागणिक चाक अडवून सोडणाऱ्या काट्याच्या, आसाच्या टोकांना तर सहसा तेल देतच नाहीत.

तबकडी रंगवून घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या रंगाखाली आजोबांचं घड्याळ उरत नाही आणि जाणकार गिऱ्हाईकही हात लावत नाही. 1960 च्या आधीच्या स्विस घड्याळात आकड्यांवर हिरवट-तपकिरी लेप असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. तो आता अंधारात चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकलेलं असतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र 1,600 वर्षांचं. किरणोत्सर्ग चालूच असतो, आणि खरवडलेली पूड श्वासातून आत जाणं सर्वांत वाईट. असं घड्याळ घरी उघडू नये, आणि घड्याळजीकडे देताना त्याला तसं सांगून द्यावं.