मदुरा पाद

मातीतील बुरशी काट्याच्या जखमेतून शरीरात शिरून हळूहळू हाड पोखरते, त्या रोगाला मदुरा पाद किंवा मायसेटोमा म्हणतात. मदुराई येथे जॉन गिल यांनी १८४२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव पडले. मायसेटोमा हे नाव १८६० मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी दिले. ते पुढे साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होते.

अनवाणी शेतात राबणारे आणि गुरे राखणारे लोक याला अधिक बळी पडतात. काटा मोडतो, जखम भरते, आणि कित्येक महिन्यांनी पावलावर एक गाठ दिसू लागते. ती दुखत नाही, आणि खरा घात इथेच होतो. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. पुढे पाऊल सुजते, त्यावर छिद्रे पडतात आणि पुवाबरोबर खसखशीएवढे कण बाहेर येऊ लागतात.

निदानाची किल्ली या कणांत असते. हुबेहूब असाच रोग ॲक्टिनोमायसीट गटातील जीवाणूंमुळेही होतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. काळा कण बहुधा बुरशीचा, लाल कण जीवाणूचा. पांढरा मात्र दोघांचाही असू शकतो, म्हणून नुसत्या रंगावर औषध सुरू करणे धोक्याचे. छिद्रातून आपोआप गळालेले कण बहुधा मेलेले किंवा इतर जंतूंनी दूषित असतात, त्यामुळे खोलवरचा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) करावे लागते. मॅड्युरेला मायसेटोमॅटिस ही बुरशी सर्वांत जास्त वेळा सापडते. एक्स-रेमध्ये बुरशीने केलेल्या पोकळ्या मोजक्या पण मोठ्या दिसतात, जीवाणूंच्या लहान आणि पुष्कळ. एमआरआयमध्ये वर्तुळात ठिपका दिसला तर संशय बळावतो. इतके पोखरूनही हाड सहसा मोडत नाही, कारण त्या पोकळ्या कणांनी गच्च भरलेल्या असतात.

जीवाणूजन्य रोग प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो. बुरशी चिवट असते. तिच्या कणांभोवतीच्या कठीण, मेलॅनिनयुक्त आवरणातून औषध आत पोहोचणे अवघड जाते. इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, निदान वर्षभर आणि अनेकदा त्याहून अधिक काळ द्यावे लागते. मधूनमधून यकृताच्या तपासण्याही होतात. औषधाने गाठ आटोपशीर झाली की शस्त्रक्रियेत ती न फोडता, भोवतालच्या निरोगी ऊतीसह काढतात. कण सांडले तर रोग पुन्हा उलटतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही औषध चालू ठेवतात. हाडे फार पोखरली गेली असतील तर पाय कापण्याची वेळ येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत समावेश केला. आठवड्यातून एकदा घ्यायच्या फॉसरॅव्ह्युकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची चाचणी सुदानमध्ये झाली. तिथे खार्टूमचे मायसेटोमा संशोधन केंद्र १९९१ पासून याच रोगावर काम करत होते; २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धात ते उद्ध्वस्त झाले. मजुरी बुडवून वर्षभर रोज महागडी गोळी घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी आठवड्याची गोळी मोठा आधार ठरू शकते.